ब्लूग्रास आणि ओल्ड-टाइम : नवी ध्वनिमुद्रणे ऐकू लागणाऱ्यांसाठी पायरीपायरीने

‘बँजो’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला तो गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो. पुढे लक्षात आले की ही दोन वाद्ये सर्वस्वी वेगळी आहेत. आपला बेंजो पट्ट्या दाबून वाजतो; तो बुलबुलतरंगाच्या कुळातला असून त्याचा पूर्वज जपानी आहे. अमेरिकेतला बँजो मात्र कातडे ताणलेल्या गोल तोंडाचा आणि लांब मानेचा असतो. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या गेलेल्या माणसांच्या भोपळ्याच्या वाद्यांत आहे. त्या बँजोभोवती आणि फिडल म्हणजे व्हायोलिनभोवती वाढलेल्या दोन परंपरा म्हणजे ओल्ड-टाइम आणि ब्लूग्रास. या दोन्हींत आजही उत्तम नवी ध्वनिमुद्रणे होत आहेत, परंतु बाहेरून येणाऱ्या श्रोत्याला त्यांत शिरायचे दार सहज सापडत नाही. मी जवळजवळ वर्षभर मिळेल ते, मिळेल त्या क्रमाने ऐकत राहिलो आणि सगळ्या धुना मला एकसारख्याच वाटत राहिल्या. तुमचे ते वर्ष वाचावे म्हणून हा लेख आहे.

आधीच एक गोष्ट सांगतो, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यावर उभ्या आहेत. या संगीतातले नवे ध्वनिमुद्रण एकटे ऐकले तर त्याचे निम्मे सौंदर्य हातातून निसटते. तीच बंदिश गुरूने कशी गायली होती हे ठाऊक असले की शिष्याच्या गाण्यातली एखादी छोटी जागासुद्धा आपल्याला दाद द्यायला लावते. इथेही नेमके तसेच आहे.

सुरुवातीला जवळ काय असावे

- बऱ्यापैकी हेडफोन. फोनच्या स्पीकरवर उभ्या बासचा, म्हणजे माणसाएवढ्या उंच, खर्जातल्या तंतुवाद्याचा, आवाज जवळजवळ नाहीसा होतो, आणि बास गेला की ठेक्याचा पायाच जातो.
- कोणत्याही एका संगीत-सेवेची वर्गणी आणि बँडकॅम्प या संगीत-विक्रीच्या संकेतस्थळावर एक खाते.
- आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेले कार्ड. भारतातल्या अनेक कार्डांवर ही सोय आपण होऊन बंद असते. ती बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून रकमेची मर्यादाही तिथेच ठरवावी.
- स्वर न बदलता वेग कमी करणारे एखादे अ‍ॅप.
- तानपुऱ्याचे अ‍ॅप किंवा घरातली पेटी.
- एक वही.

१. आधी दोन परंपरा वेगळ्या ओळखा

ओल्ड-टाइम हे मुख्यतः नाचाच्या साथीचे संगीत आहे. फिडल आणि बँजो एकच धून एकत्र वाजवतात, गिटार आणि बास खालून ठेका धरतात, आणि कोणीही पुढे येऊन एकट्याने वाजवत नाही. बहुतेक धुनांचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा असतो आणि तो दोनदा वाजतो. अशी पूर्ण फेरी झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. अशा फेऱ्या दहा, पंधरा, कधी त्याहूनही जास्त होतात. नवख्या माणसाला हे कंटाळवाणे वाटते, कारण तो पुढे काहीतरी घडण्याची वाट पाहत असतो. त्याऐवजी लेहऱ्याकडे लक्ष द्यावे तसे ऐका. धून स्थिर असते आणि फिडलच्या गजाचे वजन मात्र प्रत्येक फेरीत किंचित बदललेले असते.

ब्लूग्रास वयाने बराच लहान आहे. केंटकीतल्या रोझीन गावचा बिल मनरो १९३९ मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ-कार्यक्रमात दाखल झाला. त्याच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदात १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा तरुण बँजोवादक आला आणि आज आपण ब्लूग्रास म्हणतो तो नाद तयार झाला. परंपरेला नावही त्या वाद्यवृंदावरूनच मिळाले. इथे वादक आळीपाळीने पुढे येतात, धुनेवर आपली करामत करतात आणि मागे सरतात. गाणे उंच पट्टीत, दोन-तीन आवाजांच्या घट्ट मेळात असते. हे संगीत नाचासाठी कमी आणि समोर बसून ऐकणाऱ्यांसाठी जास्त आहे.

*इथला सापळा :* ‘ब्लूग्रास’ असे नाव दिलेल्या तासन्‌तास चालणाऱ्या तयार याद्या. त्यांत वादकांची नावे धड नसतात, दोन्ही परंपरांची सरमिसळ असते, आणि पुष्कळदा नुसते पार्श्वसंगीत असते. पहिले सहा महिने अशा याद्यांपासून दूर राहा.

२. कान एकेका वाद्यावर बसवा

या पायरीवर घाई करू नका. मला इथे दोन महिने लागले आणि ते सार्थकी लागले.

बँजोपासून सुरुवात करा. पाच तारांपैकी पाचवी तार आखूड असते, ती मानेच्या मध्यावरूनच सुरू होते, आणि बहुतेक वेळ तिचा एकच उंच स्वर मध्ये मध्ये वाजत राहतो. सतारीची चिकारी माहीत असणाऱ्याला हे काम लगेच उमगेल. ही तार अंगठा वाजवतो. ओल्ड-टाइममध्ये उरलेला हात बोटाच्या नखाने तारेवर वरून खाली आघात करतो. या पद्धतीला क्लॉहॅमर म्हणतात. तिचा आवाज मऊ, थोडा ठोकल्यासारखा असतो. स्क्रग्जच्या पद्धतीत अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांत नख्या घालून तारा छेडतात, त्यामुळे स्वरांची एकसलग, चकाकती साखळी तयार होते. ‘क्रिपल क्रीक’ ही धून दोन्ही परंपरांत वाजते. ती एकदा क्लॉहॅमरमध्ये आणि एकदा स्क्रग्जच्या पद्धतीत, दोन्ही वेळा निम्म्या वेगाने ऐका. फरक कानात पक्का बसला की पुढे डोळे मिटूनही परंपरा सांगता येते.

मँडोलिनचे ब्लूग्रासमधले मुख्य काम ठेक्याचे आहे, ही गोष्ट मला फार उशिरा कळली. बास ठोक्यावर वाजतो आणि दोन ठोक्यांच्या मधोमध मँडोलिन आखूड, तुटक ‘चक’ असा आवाज देते. ढोलकीतली चाट जशी लय उचलते, तसेच हे आहे. ‘चक’ नेमका कुठे पडतो आहे यावर एखादे गाणे पूर्ण ऐका, मग वाद्यवृंदाची सगळी गती तिथे कशी बांधली आहे ते जाणवेल.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. फरक वाजवण्यात आणि तारा लावण्यात. नेहमीची लावणी जी-डी-ए-ई अशी असते, पण ओल्ड-टाइमवाले ए स्वराच्या धुनांसाठी ती बदलून ए-ई-ए-ई अशी करतात. पेटीवर पांढरी सहा हा सा धरा, म्हणजे ही लावणी सा-प-सा-प होते. आपल्याकडील अनेक व्हायोलिनवादक वाद्य असेच लावतात. हे पहिल्यांदा पेटीवर ताडून पाहिले त्या रात्री मला झोप आली नाही. मोकळ्या तारा सतत बरोबर वाजत असल्यामुळे फिडलमध्ये आपोआप एक आधारस्वर तयार होतो. तानपुऱ्यात वाढलेल्या कानाला हे संगीत दूरचे वाटत नाही, त्याचे एक कारण मला हेच दिसते.

*इथला सापळा :* प्रत्येक धुनेत राग शोधणे. एखाद्या धुनेत कोमल निषाद दिसला की आपण खमाज म्हणून मोकळे होतो. स्वर ओळखायला त्याचा उपयोग जरूर करा, पण त्यापुढे जाऊ नका, कारण इथे आलाप नाही, बढत नाही. दुसरी अडचण तालाची आहे. काही ओल्ड-टाइम धुनांत एखादी मात्रा जास्त किंवा कमी असते आणि त्या धुनांना तिथले लोक ‘क्रूकेड’, म्हणजे वाकड्या म्हणतात. सम चुकली असे वाटून मी एक अख्खा अल्बम बाजूला ठेवला होता. मात्रा तिथेच, प्रत्येक फेरीत त्याच जागी जास्त येते. हात धरून मोजा म्हणजे पटेल.

३. आधी थोडे जुने ऐका

संपूर्ण इतिहास पालथा घालण्याची गरज नाही. चार ठिकाणी थांबलात तरी पुरे.

पहिले ठिकाण ब्रिस्टल. १९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पीअर यांनी टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या या गावात ध्वनिमुद्रणे केली. कार्टर कुटुंब या गायक-त्रयीची पहिली ध्वनिमुद्रणे तिथलीच. दुसरे, बिल मनरोची १९४६-४७ ची ध्वनिमुद्रणे, ज्यांत गिटारवादक-गायक लेस्टर फ्लॅट आणि अर्ल स्क्रग्ज दोघेही आहेत. त्यांतले ‘ब्लू मून ऑफ केंटकी’ तीन मात्रांच्या संथ चालीत आहे. १९५४ मध्ये एल्विस प्रेस्लीने तेच गाणे जलद चार मात्रांत गायले, आणि त्यानंतर मनरोने स्वतःच ते पुन्हा ध्वनिमुद्रित करताना संथ सुरुवात ठेवून मध्यावर गती पालटली. या परंपरेत जुने आणि नवे एकमेकांशी कसे बोलतात, हे या एका गाण्यात स्पष्ट दिसते.

तिसरे ठिकाण टॉमी जॅरेल, १९०१ ते १९८५. हा नॉर्थ कॅरोलायनातल्या माउंट एअरीजवळचा फिडल आणि बँजोवादक. आयुष्यभर त्याने रस्तेबांधणी खात्यात यंत्र चालवले. १९६६ मध्ये निवृत्त झाल्यावर देशभरातली तरुण मुले त्याच्या घरी येऊन राहू लागली, शिकू लागली. चौथे ठिकाण जो थॉम्पसन, १९१८ ते २०१२, नॉर्थ कॅरोलायनातल्याच मेबन गावचा कृष्णवर्णीय फिडलवादक. कृष्णवर्णीयांच्या तंतुवाद्यवृंदांची परंपरा ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायाने दीर्घकाळ दुर्लक्षित ठेवली होती. थॉम्पसनने ती आपल्या हातात जिवंत ठेवली.

जुन्या ध्वनिमुद्रणांतली खरखर सहन करा. ती पुसून काढलेल्या ‘सुधारित’ आवृत्त्यांत पुष्कळदा फिडलच्या गजाची धारही पुसली जाते.

४. आता नवी ध्वनिमुद्रणे, जोडीने

जो थॉम्पसनपासूनच सुरुवात करा, कारण इथे गुरू-शिष्याचा धागा सर्वांत स्पष्ट आहे. २००५ पासून रिअ‍ॅनन गिडन्स, जस्टिन रॉबिन्सन आणि डॉम फ्लेमन्स हे तिघे थॉम्पसनच्या घरी जाऊन शिकू लागले आणि त्यातून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा वाद्यवृंद उभा राहिला. २०२५ च्या एप्रिलमध्ये गिडन्स आणि रॉबिन्सन यांचा ‘व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टू द क्रो’ हा अल्बम आला. त्यात रॉबिन्सनचे फिडल, गिडन्सचा बँजो आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या अठरा धुना आहेत. ध्वनिमुद्रण स्टुडिओत नव्हे, उघड्यावर झाले. काही थॉम्पसनच्या घरी, काही एटा बेकर या दिवंगत गिटारवादिकेच्या घरी. हेडफोन लावून ऐका. वाद्यांच्या मागे एक अखंड किरकिर आहे. मला आधी तो हेडफोनचा दोष वाटला आणि मी वायर बदलून पाहिली. ते सिकाडा कीटक आहेत. तेरा वर्षांनी आणि सतरा वर्षांनी जमिनीतून बाहेर येणाऱ्या त्यांच्या दोन पिढ्या २०२४ मध्ये एकाच वेळी बाहेर आल्या होत्या. याआधी तसे १८०३ मध्ये घडले होते. थॉम्पसनचे एखादे जुने ध्वनिमुद्रण आधी, हे नंतर, आणि मग पुन्हा थॉम्पसन, असा क्रम ठेवा. रॉबिन्सन कुठे गुरूच्या गजाला धरून राहतो आणि कुठे सोडतो, ते तिसऱ्या वेळी ऐकू येते.

जॅरेल ऐकून झाल्यावर अ‍ॅलिसन डी ग्रूट आणि टाटियाना हारग्रीव्ह्ज यांचा २०२२ चा ‘हरिकेन क्लॅरिस’ घ्या. क्लॉहॅमर बँजो आणि फिडल एकमेकांत किती बारीक गुंफता येतात याचा इतका चांगला नमुना मला दुसरा माहीत नाही. जेक ब्लाउंटचा २०२० चा ‘स्पायडर टेल्स’ त्यानंतर ऐकावा. कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी अमेरिकन वादकांच्या धुनांकडे तो पुन्हा लक्ष वेधतो.

ब्लूग्रासच्या बाजूला गिटारवादक-गायक बिली स्ट्रिंग्जपासून आरंभ करा, पण त्याच्या लांबलचक मैफली नंतर. आधी २०२२ चा ‘मी अँड डॅड’ ऐका. ज्या सावत्र वडिलांनी त्याला गिटार शिकवली त्या टेरी बार्बर यांच्यासोबत त्याने लहानपणापासूनची जुनी गाणी त्यात म्हटली आहेत, त्यामुळे तिसऱ्या पायरीवरची ओळख लगेच उपयोगी पडते. मग २०२५ चा ‘लाइव्ह अ‍ॅट द लीजन’ घ्या, ज्यात बिली आणि ब्रायन सटन अशा दोनच गिटार आहेत. मॉली टटल ही आंतरराष्ट्रीय ब्लूग्रास संगीत संघटनेचा सर्वोत्तम गिटारवादकाचा पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री, वर्ष २०१७. तिचा २०२२ चा ‘क्रुकेड ट्री’ नव्याने लिहिलेल्या गाण्यांचा आहे आणि जुन्या चौकटीत नवे शब्द कसे बसतात ते पाहण्यासाठी योग्य आहे. बँजोवादक बेला फ्लेकच्या २०२१ च्या ‘माय ब्लूग्रास हार्ट’मध्ये तीन पिढ्यांचे वादक एकत्र भेटतात; मात्र तो दाट आहे, म्हणून शेवटी ठेवा.

आपल्याकडचे अनेक रसिक फ्लेककडे उलट दिशेने पोहोचतात. झाकीर हुसेन, बासवादक एडगर मायर आणि बासरीवादक राकेश चौरसिया यांच्यासोबतच्या २०२३ च्या ‘अ‍ॅज वी स्पीक’ने फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन ग्रॅमी मिळवली. तो अल्बम मनापासून ऐकावा असा आहे, परंतु तो ब्लूग्रास नव्हे, आणि त्यावरून ब्लूग्रासची अपेक्षा बांधली तर निराशा होते. त्याच बँजोवादकाचे दोन अल्बम पाठोपाठ ऐका.

५. अल्बमसोबतची माहिती वाचा

संगीत-सेवांवर नाव आणि चित्र यांपलीकडे फारसे काही मिळत नाही. ओल्ड-टाइममध्ये धून कोणाकडून शिकली हे सांगणे वादक आपले कर्तव्य मानतात, आणि ते बहुधा माहितीपत्रकात असते. तीन गोष्टी पाहा : धुनेचा स्रोत, वाद्याची लावणी, ध्वनिमुद्रणाची तारीख आणि जागा. श्रेय ‘पारंपरिक’ असले तरी खाली कुणाचे तरी नाव सापडते. पुढचे ऐकायचे नाव तेच. स्मिथसोनियन फोकवेज या संस्थेची माहितीपत्रके तिच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. मोझेस अ‍ॅश यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेला हा संग्रह १९८७ मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेकडे आला.

*इथला सापळा :* धुनांची नावे. एकाच नावाच्या दोन निराळ्या धुना असतात आणि एकाच धुनेला परगण्यागणिक वेगळे नाव असते. नावावरून जोडी लावू नका. पहिला भाग गुणगुणून पाहा आणि मगच ठरवा.

६. विकत घ्या, आणि घेताना हे पाहा

या वादकांचा श्रोतृवर्ग लहान आहे, म्हणून एका खरेदीचे मोल इथे खरोखर मोठे असते. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के वाटा ठेवते. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ म्हणून जाहीर केलेल्या शुक्रवारी ती आपला वाटा सोडते. यादी तयार ठेवून त्या दिवशी खरेदी करावी. फाइल उतरवताना फ्लॅक हा आवाजाचा दर्जा न घटवणारा प्रकार निवडा आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. किंमत डॉलरमध्ये असते आणि बँक परकीय चलनाचे शुल्क वर लावते, हे हिशेबात धरा.

दोन चुका मी केल्या, त्या तुम्ही करू नका. एकदा ‘नवीन’ म्हणून झळकलेला अल्बम मी उत्साहाने घेतला. मुखपृष्ठ नवे, वर्ष नवे. आतली सगळी ध्वनिमुद्रणे मात्र कित्येक दशकांपूर्वीची निघाली, आणि वादक हयातही नव्हता. संगीत-सेवा पुनर्प्रकाशनाचे वर्षच दाखवतात, त्यामुळे मूळ तारीख तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. दुसऱ्यांदा सीडी मागवली. टपालखर्च सीडीपेक्षा जास्त झाला, दारात सीमाशुल्क भरावे लागले, आणि डबी तडकलेली निघाली. अमेरिकेत राहणारे नातलग येणार असतील तर त्यांच्या सामानातून मागवणे स्वस्त पडते. नाहीतर डिजिटल प्रत पुरेशी आहे.

७. वही ठेवा

प्रत्येक धुनेसाठी पाच ओळी पुरतात : नाव, वादक, पेटीवरची पट्टी, कोणाकडून आली, आणि काय ऐकू आले. पट्टीचा रकाना गाळू नका. ओल्ड-टाइमच्या धुना पट्टीनुसार गटांत असतात, कारण लावणी बदलायला वेळ लागतो आणि वादक एकत्र बसले की बराच वेळ एकाच पट्टीत वाजवत राहतात. पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच या तीन पानांखाली माझ्या जवळजवळ सगळ्या नोंदी येतात. परवाची नोंद जशीच्या तशी देतो :

‘फिडल आणि बँजो, दोघेच. पांढरी सहा. लावणी सा-प-सा-प. धून मेबनची. दुसऱ्या भागात फिडल खालच्या मोकळ्या तारेवर उतरते आणि तिथे थोडे रेंगाळते. थॉम्पसन रेंगाळत नाही. चौथ्या फेरीत कीटकांचा आवाज एकदम वाढतो, बँजो तरी लय सोडत नाही. उद्या पुन्हा ऐकणे.’